दवाखान्याची मागची खोली

दाताच्या खुर्चीत बसल्यावर माणसं दोन गोष्टी हमखास विचारतात. दुखेल का, आणि किती लागतील. आमच्या नागपुरात अधूनमधून तिसरा प्रश्न येतो, "मॅडम, खर्रा किती दिवस बंद ठेवा लागन?" (खर्रा म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण.) या तिन्हींची उत्तरं मी रोज देते. पण आता तोंडात जाणारं हे औजार आधी कोणाच्या तोंडात होतं आणि मधल्या वेळात त्याचं काय केलं, हे विचारणारा पेशंट मला इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये अगदी क्वचित भेटला आहे.

लोक समोरची खोली पाहतात. धंतोली-रामदासपेठेत काचेचं दार, एसी आणि गुळगुळीत फरशी दिसली की दवाखाना चांगला. महालात किंवा इतवारीत जुन्या घराच्या तळमजल्यावर, लाकडी बाकावर बसवलं की मनात शंका येते. असं वाटणं साहजिक आहे, त्याला मी दोष देत नाही. पण पेशंटला जंतू लागणार की नाही, हे ठरतं ते प्लायवूडच्या पार्टिशनच्या मागे. तिथं एक सिंक, एक ऑटोक्लेव्ह (औजारं वाफेनं निर्जंतुक करायचं मशीन), चार रंगांचे डबे आणि एक स्टूल एवढंच असतं. आणि तिथं बहुतेक वेळ डॉक्टर नसतो. तिथं ताई असते, म्हणजे दवाखान्यातली सहायक.

या लेखात मला तिच्याबद्दलच सांगायचं आहे. पण त्याआधी वाणियंबाडीबद्दल सांगते, कारण तो अहवाल वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

2023 साली तामिळनाडूच्या तिरुपत्तूर जिल्ह्यात आणि आसपास काही लोकांना ताप, डोकेदुखी, बोलणं अडखळणं असा त्रास सुरू झाला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरांना त्यांच्यात मेलिऑइडोसिस सापडला. मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहणाऱ्या बर्कहोल्डेरिया स्यूडोमलाय या जंतूमुळे होणारा हा आजार, आणि इथं तो मेंदूपर्यंत गेला होता. एकूण 21 जणांना बाधा झाली. यांच्यातले 10 जण वाणियंबाडीतल्या एकाच दाताच्या दवाखान्यात उपचार घेऊन आलेले होते, आणि त्या दहांतले 8 दगावले. तपास करणाऱ्यांना तिथं जे आढळलं ते 2025 मध्ये छापून आलं. सलाइनची बाटली पेरिऑस्टियल एलिव्हेटरनं उघडायची, तिचं तोंड कापसाच्या बोळ्यानं बंद करायचं, आणि तेच सलाइन पुढच्या पेशंटच्या जखमा धुवायला वापरायचं.

पेरिऑस्टियल एलिव्हेटर म्हणजे हाडावरून हिरडी सोडवायचं चपटं औजार. ते प्रत्येक दंतवैद्याच्या ट्रेमध्ये असतं. सलाइनची बाटली प्रत्येक दवाखान्यात असते. आणि बाटलीचं झाकण घट्ट असलं की हाताशी जे असेल त्यानं ते टोचायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. या घटनेत ना कुठलं महागडं यंत्र बिघडलं, ना कुणी खोटी पदवी लावून बसला होता म्हणून हे घडलं. अर्धी उरलेली बाटली फेकायला जीव झाला नाही.

हा जीव का होत नाही तेही मला ठाऊक आहे. बाटली 500 मिलीची. एक दाढ काढून खड्डा धुवायला त्यातलं फार तर वीस-तीस मिली लागतं. बाकीचं सगळं स्वच्छच दिसतं. पाणी वाया घालवू नये, औषध वाया घालवू नये, हे आपल्या हाडीमाशी मुरलेलं आहे. मी आता 100 मिलीच्या बाटल्या मागवते, एका पेशंटला एक, उरलं ते ओतून द्यायचं. सुरुवातीला ताई उरलेलं ओतताना दर वेळी माझ्याकडे बघायची. एकदा म्हणाली, "मॅडम, चांगलं सलाइन कायले फेकून राहिल्या?" मी तिला मोबाइलवर वाणियंबाडीची बातमी वाचून दाखवली. तिनं ती पूर्ण ऐकली आणि विचारलं, "त्या दवाखान्यात बाटली कोण उघडत होतं?"

हे बातमीत नव्हतं. पण माझ्या अंदाजानं तिचा प्रश्न अगदी नेमका होता. बाटली उघडणारा माणूस कोण, त्याला कोणी काय शिकवलं होतं, आणि शिकवलेलं रोज होतंय का हे कोण बघत होतं?

दवाखाना चालवायला कागद बरेच लागतात. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेची नोंदणी लागते. एक्स-रे मशीन असलं तर अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा पोर्टलवर त्याची नोंद हवी. जैववैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्राधिकारपत्र आणि कचरा उचलणाऱ्या केंद्राशी करार हवा. माझी फाइल जाडजूड आहे आणि ती तशी आहे याचं मला समाधान आहे. हे नियम कोणीतरी खुर्चीत बसून उगाच केलेले नाहीत, प्रत्येकामागे कुठंतरी कुणाचं तरी नुकसान झालेलं आहे. पण फाइलमध्ये दिसतं ते एवढंच, की मशीन आहे, करार आहे, पदवी आहे. काल संध्याकाळी सात वाजता, बाहेर सहा पेशंट ताटकळत असताना, ते मशीन पूर्ण वेळ चाललं का, हे फाइलमध्ये येत नाही. शिवाय महाराष्ट्रातला नर्सिंग होम नोंदणीचा 1949 चा कायदा मुख्यतः खाटा असलेल्या रुग्णालयांसाठी आहे. एक-दोन खुर्च्यांच्या, बिनखाटांच्या दवाखान्याची मागची खोली बघायला सहसा कोणी येत नाही.

तिथं काय होतं ते सांगते. पेशंट उठला की ट्रेवरची औजारं आधी धुवावी लागतात, आणि हाच टप्पा सगळ्यात जास्त गाळला जातो. रक्त सुकून चिकटलं की त्याच्या खाली वाफ नीट पोहोचत नाही. म्हणून जाड रबरी हातमोजे घालून, वाहत्या पाण्याखाली न घासता पाण्यात बुडवून ब्रशनं घासायचं, म्हणजे शिंतोडे तोंडावर उडत नाहीत. मग अल्ट्रासॉनिक क्लीनर. मग धुऊन कोरडं करायचं. मग डोळ्यांनी बघायचं. स्केलरच्या टोकाशी, फोर्सेप्सच्या सांध्यात, डायमंड बरच्या खरखरीत अंगावर काही राहिलं का? आमची ताई यासाठी खिडकीशी जाते. ट्यूबलाइटमध्ये जे दिसत नाही ते तिला उन्हात दिसतं. नंतर पाकिटात भरायचं, पाकिटावर तारीख घालायची, आणि ऑटोक्लेव्ह.

ऑटोक्लेव्हचं तत्त्व प्रेशर कुकरचंच. 121 अंशांना, 15 पौंड दाबाला किमान 15 मिनिटं. 134 अंशांना दाब जास्त आणि वेळ तीन-चार मिनिटांवर येतो. ही मिनिटं आतलं तापमान तिथं पोहोचल्यावर मोजायची असतात, बटण दाबल्यापासून नाही. नुसत्या उकळत्या पाण्यात जंतूंचे बीजाणू (स्पोर, म्हणजे टणक कवचातली त्यांची रूपं) टिकतात, कारण पाणी 100 अंशांच्या वर जात नाही. जुन्या पद्धतीच्या बॉयलरमध्ये औजारं खळाखळा उकळताना बघून पेशंटला बरं वाटत असेल, पण ते निर्जंतुकीकरण नव्हे. आणि ऑटोक्लेव्हमध्येही फरक आहे. साध्या एन वर्गाच्या मशीनमध्ये वाफ आतली हवा ढकलत ढकलत बाहेर काढते. पोकळ औजाराच्या पोटात हवा अडकून राहते. दात कोरायचं हँडपीस आतून पोकळ असतं, आणि फिरायचं थांबताना तोंडातला ओलावा थोडा आत ओढून घेतं. त्यासाठी आधी पंपानं हवा काढून टाकणारं बी वर्गाचं मशीन लागतं. ते महाग आहे. हँडपीस दर पेशंटला ऑटोक्लेव्ह करायचं तर हँडपीसही जास्त ठेवावी लागतात, आणि वाफेनं ती लवकर झिजतात. म्हणून कितीतरी ठिकाणी ती फक्त स्पिरिटनं पुसली जातात. पुसलेलं हँडपीस नव्यासारखं चकाकतं.

पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदलला म्हणजे काम झालं, असा आमच्या धंद्यातही समज आहे. ती पट्टी एवढंच सांगते की पाकीट तापलं. जंतू मेले का, हे बघायला स्पोर टेस्ट करावी लागते. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस नावाचा, उष्णतेला सहसा न जुमानणारा जंतू असलेली कुपी औजारांबरोबर आत ठेवायची, नंतर ती आणि एक न तापवलेली कुपी उबेत ठेवायची. न तापवलेलीत जंतू वाढले आणि आतून काढलेलीत वाढले नाहीत, तर मशीनवर विश्वास ठेवायचा. ही टेस्ट फार महाग नाही. तरी ती नेमानं होणारे दवाखाने किती, याबद्दल मला फारसा भरवसा वाटत नाही.

मे महिन्यात हे सगळं अवघड होतं. पारा 45 च्या आसपास, संध्याकाळी सगळ्यांचे कूलर-एसी एकदम चालू, आणि नेमकी लाईन जाते. ऑटोक्लेव्हचं चक्र मध्येच तुटतं. इन्व्हर्टरवर पंखा-दिवा चालतो, ऑटोक्लेव्ह नाही. पाकिटं गरम असतात, पट्टीचा रंगही थोडाफार बदललेला असतो. ती पाकिटं बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवली तर कोणालाही, अगदी मलाही, फरक कळणार नाही. हे फक्त ताईला ठाऊक असतं. गेल्या उन्हाळ्यात एकदा असंच झालं. बाहेर एक आजोबा नातवाच्या खांद्यावर हात ठेवून बसलेले, दाढ ठणकत होती, मी आतून दोनदा हाक मारली. ती पार्टिशनच्या बाहेर आली आणि सरळ म्हणाली, "मॅडम, चक्र पूर्ण नाही झालं. मी पुन्हा लावणार आहे. त्यांना बसू द्या, नाहीतर उद्या बोलवा." आजोबांना मी दुखणं थांबवायची गोळी दिली, सगळं समजावून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं. नातू जरा कुरकुरला. आजोबांनी त्यालाच गप्प केलं.

त्या दिवशी त्या पेशंटचं रक्षण माझ्या पदवीनं केलं नाही.

भुलीच्या इंजेक्शनचंही असंच. आपल्याकडे बहुतेक दवाखान्यांत लिग्नोकेनची 30 मिलीची बाटली असते, तिच्या रबरी बुचात सुई टोचून लागेल तेवढं ओढायचं. दर वेळी नवी सिरिंज, नवी सुई, आणि टोचण्याआधी बूच स्पिरिटनं पुसलेलं, तर ती सुरक्षित आहे. पण मध्येच भूल उतरली, पेशंट कळवळला, आणि घाईघाईत वापरलेलीच सुई पुन्हा बाटलीत गेली, तर ती बाटली त्या क्षणापासून पुढच्या प्रत्येक माणसासाठी घातक. हिपॅटायटिस बीचा विषाणू बाहेर, वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस तग धरतो. म्हणून आमच्याकडे भुलीचा दुसरा डोस लागला तर ताई नवी सिरिंज फोडूनच हातात देते, जुनी ट्रेवरून उचललेली असते. मला मोह व्हायला वावच ठेवत नाही.

सुईची पहिली इजा होते तीही बहुधा तिलाच. टोपण परत लावताना, ट्रे आवरताना, धुताना. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे, जी फार कमी लोक वाचतात. हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची, कामावर घेताना प्रशिक्षण द्यायचं, आणि पुढे वर्षातून निदान एकदा पुन्हा. म्हणजे कायद्याला ती आठवली होती. आपणच विसरलो. मुलाखतीला येणाऱ्या मुलींना मी विचारते, आधीच्या ठिकाणी लस दिली होती का? बहुतेक जणी विचारतात, कसली लस? तीन डोस, सहा महिन्यांत पूर्ण होणारे. एखाद्या कॅपच्या किमतीपुढे तो खर्च काहीच नाही.

कचऱ्याचे रंग मात्र तिला तोंडपाठ असतात, डॉक्टरांपेक्षा पक्के. रक्ताचा कापूस आणि काढलेला दात पिवळ्यात. हातमोजे, सक्शनच्या नळ्या, सुई काढलेली सिरिंज लाल. सुया आणि ब्लेड न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात. काचेच्या कुप्या निळ्यात. चांदी भरलेला दात असेल तर तो पिवळ्यातही टाकायचा नाही, कारण त्यात पारा आहे आणि जाळल्यावर तो हवेत जातो. तो वेगळ्या बरणीत. हा कचरा 48 तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. छोट्या दवाखान्याकडे गाडी कधी येते, कधी चुकते, आणि मग शेजारच्या दुकानदाराचा वास येतोय म्हणून तगादा सुरू होतो. तेव्हा काळी पिशवी बांधून मनपाच्या घंटागाडीत टाकून द्यायचा मोह मोठा असतो. ती पिशवी भांडेवाडीला जाते. तिथं ढिगाऱ्यावर हातांनी प्लास्टिक वेचणारी माणसं आहेत. आपल्या पेशंटच्या यादीत ती नाहीत, पण आपली सुई त्यांच्या हातात जाऊ शकते, म्हणून माझ्या हिशेबी तीही आपलीच जबाबदारी.

आणखी एक गोष्ट आहे जिचा कुठल्याही तपासणीच्या फॉर्मात रकाना नाही. पेशंट डॉक्टरला सगळं सांगत नाही. मी विचारते, बीपी आहे? शुगर आहे? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे? "नाही नाही, काही नाही." आणि बाहेर स्टुलावर बसल्या बसल्या ताईला सांगतात, "हृदयात जाळी टाकली आहे, पण डॉक्टरला सांगितलं तर दात काढणार नाहीत." खर्ऱ्याचंही तेच. माझ्यासमोर "कधीतरी," ताईसमोर "दिवसाला चार पुड्या". तोंड दोन बोटंही उघडत नसलेले तरुण विदर्भात किती आहेत ते नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत कोणीही जाऊन बघावं. गालाच्या आतला पांढरा चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, या तोंडाच्या कर्करोगाच्या संभाव्य खुणांकडे माझं लक्ष गेलं पाहिजे हे खरंच, पण "मॅडम, त्या भाऊंना तिखट अजिबात लागू देत नाही म्हणे," हे वाक्य ताईनं आत येऊन सांगितलं की मी आरसा जरा जास्त वेळ धरते.

आता या ताईची जागा कुठं आहे ते बघा. 1948 च्या दंतवैद्यक कायद्यात नोंदणी ठेवली ती दंतवैद्यांची, डेंटल हायजिनिस्टची आणि कवळ्या-दात बनवणाऱ्या डेंटल मेकॅनिकची. औजारं धुणाऱ्या, ट्रे लावणाऱ्या सहायकांची त्यात नोंदवही नव्हती. 2023 साली संसदेनं राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा मंजूर केला. शिक्षण, आचारसंहिता, राष्ट्रीय नोंदवही यांवर त्यात पुष्कळ आहे, आणि ते हवंच होतं. पण मानेवाडा, नंदनवन, सक्करदऱ्याच्या दवाखान्यात दहावी-बारावी करून लागलेली मुलगी आजही काम शिकते ती आधीच्या मुलीकडून. आधीची बरोबर करत असेल तर बरोबर, चुकीचं करत असेल तर चुकीचं. पगार एवढा तुटपुंजा, की शेजारच्या कपड्याच्या दुकानात पाचशे जास्त मिळाले की ती जाते, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. पाच वर्षं शिकून आलेला डॉक्टर आणि आठवड्यात तयार केलेली सहायक, यांच्यातल्या या दरीवर आम्ही डॉक्टर बोलत नाही. परिषदांमध्ये इम्प्लांटवर दिवसभर व्याख्यानं होतात. धुण्यावर अर्धा तास मिळत नाही. हे बदललं पाहिजे, आणि ते बदलायला कुठल्याही कायद्याची वाट बघायची गरज नाही.

पेशंटनीही विचारावं. पाकीट माझ्यासमोर फोडा, म्हणावं. हँडपीस ऑटोक्लेव्ह करता का, भुलीची सुई नवी आहे ना, मागची खोली बघू का, विचारावं. चांगल्या डॉक्टरला याचा राग येणार नाही, आणि ज्याला येईल त्याच्याकडून उठून जायला हरकत नाही.

आमच्या भागातल्या काही दंतवैद्यांनी मिळून यंदा एका रविवारी सहायकांसाठी प्रशिक्षण ठेवलं. धुणं, पाकिटं, स्पोर टेस्ट, सुई टोचली तर पहिल्या तासात काय करायचं, कचऱ्याचे रंग. मुली मन लावून ऐकत होत्या, वहीत लिहून घेत होत्या. शेवटी काही विचारायचं का म्हटलं तर मागच्या रांगेतली एक उभी राहिली. "डॉक्टर म्हणाले घाई कर, आणि मशीनचं झालं नसंल, तर आम्ही नाही म्हटलं तर चालंल का? नोकरी जाणार नाही ना?"

आम्ही डॉक्टर एकमेकांकडे बघत राहिलो. मग तिथंच एका कागदावर लिहिलं की निर्जंतुकीकरण पूर्ण झालं नसेल तर सहायकाचा नकार अंतिम, आणि त्यासाठी तिला बोल लागणार नाही. हा कागद प्रत्येक दवाखान्याच्या मागच्या खोलीत लावायचा ठरलं. काहींनी तिथल्या तिथं सही केली. काहींची अजून व्हायची आहे, आणि मी त्यांच्या मागे लागले आहे.